किंमत एकदा, कडबा रोज

(जिल्हा बैठकीच्या दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



सकाळी चहाच्या वेळी एका तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीत लिहिले आहे : "आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला एक जुना सर्व्हर १५ हजार रुपयांत मिळतो आहे. नवा घ्यायचा तर लाखाच्या पुढे जातो. विकणारा दोनच दिवस थांबणार आहे. घ्यावा की न घ्यावा, एवढेच सांगा."

एवढेच सांगून मला खाली बसता आले असते. पण मग पुढच्या वर्षी तुम्ही दुसऱ्या कुठल्या यंत्राची चिठ्ठी घेऊन याल आणि मी पुन्हा हो किंवा नाही म्हणायचे. मी शेतकी पदवीधर. पदवीतून एक गोष्ट शिकलो ती ही, की शिफारस पाठ करणाऱ्याचे पीक एखाद्या साली येते, हिशेब शिकणाऱ्याचे घर चालते. म्हणून आज शिफारस नाही, हिशेब मांडतो. चूक निघाली तर इथेच बोट वर करा.

सर्व्हर म्हणजे काय?

इथे बसलेल्या अनेकांनी सर्व्हर पाहिलेला नसेल. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. तोही संगणकच. साधा संगणक एका माणसापुढे बसून काम करतो. सर्व्हर हा पंगतीतल्या वाढप्यासारखा. दहा जण दहा ठिकाणांहून मागतात आणि तो ज्याला जे हवे ते वाढतो. पंगत कधी बसेल याचा नेम नाही, म्हणून हा वाढपी रात्रंदिवस उभा. ही रात्रंदिवसाची गोष्ट लक्षात ठेवा, सगळा हिशेब तिथेच येऊन अडणार आहे.

रात्रंदिवस उभे राहायचे म्हणून त्याचा बांधा दणकट असतो. एक पॉवर सप्लाय गेला तर दुसरा तयार. डिस्क बिघडली तर यंत्र चालू ठेवून बदलता येते. मेमरीत झालेली बारीक चूक तो स्वतः दुरुस्त करतो. हे गुण खरे आहेत, विकणारा सांगतो ती सगळी थाप नाही.

मग इतके चांगले यंत्र १५ हजारात का मिळते? मोठ्या कंपन्या, बँका असे सर्व्हर शेकड्यांनी ठेवतात, तेही थंड केलेल्या दालनात. पाचसात वर्षांनी देखभालीचा करार संपतो. तोवर त्याच विजेत कितीतरी जास्त काम करणारे नवे यंत्र आलेले असते. मग जुने लॉटने निघतात आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये येऊन पडतात. तिथून दलाल, तिथून तुमचा तालुका. म्हणजे कंपनीने काढला तो मोडला म्हणून नव्हे, पोसायला परवडेना म्हणून. ज्याला अशी गिऱ्हाइके आहेत, असे दालन आहे, त्याला जो बैल पोसवेना तो आपल्या दावणीला परवडेल का, हा खरा प्रश्न आहे.

बैलबाजारातली अक्कल

बैलबाजारात आपण फसत नाही. बैल स्वस्त म्हटला की आपण आधी मागे सरकतो. दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. आणि मनात दुसरा हिशेब चालू असतो : हा खाईल किती? कारण किंमत एकदाच द्यायची, कडबा रोज टाकायचा.

कापसाचा उत्पादन खर्च काढताना आपण सरकारशी किती वर्षे भांडत आलो! नुसते बियाणे-खत-औषध धरू नका. घरच्या माणसांची मजुरी धरा, जमिनीचा खंड धरा, भांडवलाचे व्याज धरा. कृषिमूल्य आयोगाचा ए-२ खर्च आणि सी-२ खर्च यातला फरक आज आपल्या साध्या कार्यकर्त्यालाही सांगता येतो. आणि आपणच एखादे यंत्र घ्यायला निघालो की सी-२ सोडा, ए-२ सुद्धा काढत नाही. पावतीवरचा आकडा बघतो आणि स्वस्त म्हणतो.

१५ हजारांचा बैल किती खातो?

आता आकडे लिहून घ्या. वीज मोजायची रीत तुम्हाला ठाऊक आहे : १००० वॅटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे एक वॅट रात्रंदिवस वर्षभर चालला की पावणेनऊ युनिटे. हिशेबाला सोपे म्हणून युनिटचा भाव १० रुपये धरू. तुमच्या बिलात सगळे आकार मिळून जो पडेल तो घाला. तर एका वॅटचे वर्षाचे चारण झाले सुमारे ८८ रुपये. एवढा एक आकडा पाठ करा, बाकी सगळे त्यातून निघते.

बाजारात या भावाने जे सर्व्हर येतात त्यात डेलचा पॉवरएज आर ७१० फार दिसतो. तो २००९ साली निघाला. एचपीचे त्याच सुमाराचे डीएल ३८० हेही तसेच. आतले दोन-दोन प्रोसेसर, पंखे, चारसहा डिस्का धरून असे यंत्र काही काम न करता नुसते उभे असले तरी दीडशे वॅटच्या आसपास खाते. काम पडले की जास्त. आपण १५० धरू.

१५० वॅट म्हणजे वर्षाला १,३१४ युनिटे. पैशात १३,१४० रुपये. बैलाची किंमत १५ हजार आणि एका वर्षाचा कडबा १३ हजार!

आता दुसऱ्या बाजूला काय ठेवायचे? लाखाचा नवा सर्व्हर नव्हे. विकणारा त्याच्याशीच तुलना करून दाखवतो, तिथेच आपण फसतो. तुलना करायची ती आपले काम भागवणाऱ्या सगळ्यात लहान यंत्राशी. कार्यालयातून निघालेला वहीएवढा छोटा संगणक किंवा जुना लॅपटॉप हा आपला दुसरा बैल. तो साध्या कामाला १५ वॅटच्या आसपास खातो. वर्षाला १३१ युनिटे, १,३१४ रुपये. म्हणजे दहावा हिस्सा.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबला आणि बऱ्याच जुन्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. म्हणून असे छोटे संगणक कार्यालयांतून निघत आहेत. त्यांच्यावर लिनक्स फुकट चालते आणि आपल्या नोंदींना ते पुरते. अशा यंत्राचे समजा १२ हजार धरू.

उन्हाळ्याचे काय?

वीज खाल्ली ती जाते कुठे? सगळी उष्णता होऊन खोलीत येते. शंभर वॅटचे जुने पिवळे बल्ब आठवतात? तसे दीड बल्ब खोलीत रात्रंदिवस जळत ठेवल्यासारखे. वर पत्रे. मे महिना. अकोला, यवतमाळ, चंद्रपूरकडे पारा ४५ ला टेकतो. आर ७१० च्या माहितीपत्रकात त्याने ज्या हवेत चालावे ती मर्यादा १० ते ३५ अंश दिली आहे. आपल्याकडे ३५ अंश म्हणजे होळीच्या आधीची दुपार.

मग कोणीतरी म्हणतो, एसी बसवू. एसीने तासाला सरासरी १.२ युनिटे घेतली आणि तो दिवसाचे दहाच तास, उन्हाळ्याचे ७५ दिवस चालवला, तरी ९०० युनिटे, ९ हजार रुपये. एसीची किंमत वेगळी. बैल स्वस्त मिळाला म्हणून गोठ्याला गिलावा करायची पाळी आली!

आता वीज गेली की काय? १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तासांची. बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरावी, म्हणजे ९००. सर्व्हर तेवढ्यात फार तर सहा तास काढील, इन्व्हर्टर स्वतः खातो ते वजा केले तर त्याहून कमी. छोटा संगणक इन्व्हर्टरचे खाणे धरूनही रात्र सहज काढतो. लॅपटॉपला तर स्वतःचीच बॅटरी असते. ती धड असली तर वीज जाऊन इन्व्हर्टर उचलेपर्यंतच्या क्षणात तो बंद पडत नाही.

तीन वर्षांची गोळाबेरीज करू. नव्या डिस्कांचे ६ हजार दोन्हीकडे सारखे धरू, कारण जुन्या डिस्कांवर आपल्या नोंदी ठेवायच्या नसतात.

सर्व्हर : किंमत १५,०००. वीज ३९,४२०. डिस्का ६,०००. एकूण ६०,४२०. उन्हाळ्यात एसी चालवला तर वर २७,०००, म्हणजे ८७,४२०.

छोटा संगणक : किंमत १२,०००. वीज ३,९४२. डिस्का ६,०००. एकूण २१,९४२.

आता सर्व्हरची किंमत शून्य धरून बघा. एसी सोडून ४५,४२० उरतात. म्हणजे भावांनो, तो फुकट दिला तरी आपल्याला दुपटीहून महाग पडतो.

आपली पंगत केवढी?

कोणी म्हणेल, पण ताकद? सर्व्हरच्या ताकदीचे काय? मी विचारतो, आपली पंगत केवढी आहे?

समजा कंपनीचे ४०० सभासद. प्रत्येकाची हंगामात वीस वजने. झाली ८,००० वजने. एका वजनाच्या नोंदीत नाव, गाव, तारीख, वजन, भाव, चुकारा मिळून २०० अक्षरांची जागा धरा. १६ लाख अक्षरे. ऐकायला डोंगर वाटतो. प्रत्यक्षात तुमच्या खिशातल्या मोबाईलने काढलेल्या एका चांगल्या फोटोला जेवढी जागा लागते त्याच्या आसपास. सातबारा, पासबुक, आधार यांची चित्रे ठेवली, माणशी पाच कागद आणि कागदाला अर्धा एमबी, तरी सगळे मिळून एक जीबी. ते पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात बसते. एका वेळी नोंद करणारी माणसे किती? तीन काट्यांवर तीन. एवढ्या पंगतीला दोन प्रोसेसरांचा वाढपी कशाला?

आमच्या हातून झालेली चूक

हे सगळे मी पुस्तकातून सांगत नाही. २०१८ साली आमच्याकडच्या गटाने असाच एक सर्व्हर घेतला आणि घ्या म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो. कुठल्या कंपनीचा होता ते सोडा. दोष कंपनीचा नव्हता, विकणाऱ्याचाही नव्हता. त्याने वर्णन केले तसेच ते यंत्र होते. दोष आमच्या हिशेबाचा होता.

दिवाळीत आणला. हिवाळाभर उत्तम चालला. आवाज एवढा, की शेजारच्या खोलीत बैठक घेता येईना; पण आम्हाला तो आवाजही ताकदीचा वाटे. वीजबिल वाढले तेव्हा कोणी विचारले नाही, कारण बिल गोदामाचे आणि सर्व्हरचे एकच होते. मग एप्रिल आला. शेवटच्या वेचणीचा, फरदडीचा कापूस येत होता. फरदड ठेवू नका हे मी तेव्हाही सांगत होतो, पण तो आजचा विषय नाही. एका दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली. यंत्र आधीच तापलेले. संध्याकाळी चालू केले तर दोन डिस्का उठल्याच नाहीत. आम्हाला सांगितले होते, की एकच नोंद दोन डिस्कांवर लिहिली जाते, म्हणून काळजी नको. पण दोन्ही डिस्का एकाच वयाच्या, एकाच पेटीत, एकाच उन्हात. दोन्ही एका दिवशी गेल्या.

तीन गावांची नऊ दिवसांची वजने गेली. त्यावर चुकारे निघायचे होते. कापूस गोदामात गंजी लावलेला, कोणाचा किती हे सांगणार कोण? दुसऱ्या दिवशी दारात माणसे. जी माणसे व्यापाऱ्याच्या काट्यावरचा विश्वास उडाला म्हणून आपल्याकडे आली होती, तीच आता आपल्याकडे त्या नजरेने पाहत होती. त्या नजरेपुढे १५ हजार काय आणि ५० हजार काय!

वाचवले कोणी? पावत्यांनी. काट्यावरच्या मुलीने प्रत्येकाला हाताने लिहून पावती दिली होती. यंत्र आल्यावर "आता पावती कशाला" असे आमच्यापैकीच काहींनी तिला सांगितले होते, तिने ऐकले नाही. एक म्हातारी मावशी पदराची गाठ सोडून घामाने ओली झालेली पावती टेबलावर ठेवत म्हणाली, "बघ बाबा, माझं मशीन हे." बारा दिवस लागले सगळे जुळवायला. ज्यांच्या पावत्या हरवल्या होत्या त्यांना कार्यकर्त्यांनी पदरचे घालून दिले. किती ते विचारू नका.

कणगीतले दाणे आणि आढ्याची कणसे

माझी आजी ज्वारीची रास झाली की दाणे कणगीत भरायची. पण त्याआधी दहावीस टपोरी कणसे निवडून जुडी बांधायची आणि आढ्याला टांगायची. चुलीच्या धुराने त्यांना कीड लागत नसे. एक जुडी स्वतःच्या घरी, एक माहेरी, भावाच्या घरी. कणगी भिजली, सोंडे लागले, घर जळले, तरी पुढच्या सालचे बी कुठेतरी शिल्लक.

नोंदींचेही तसेच. दोन डिस्का एका पेटीत म्हणजे दोन जुड्या एकाच आढ्याला. शिवाय चुकून एखादी नोंद पुसली, तर ती दोन्ही डिस्कांवरून एकदम पुसली जाते. म्हणून रोज संध्याकाळी एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढायची, ती संगणकापासून सोडवायची आणि दुसऱ्या घरी ठेवायची. आठवड्याला एक प्रत दुसऱ्या गावी. आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतून नोंदी परत उघडून पाहायच्या. बियाण्याची उगवणशक्ती आपण पेरणीआधी गोणपाटात दाणे गुंडाळून तपासतो की नाही? न तपासलेली प्रत म्हणजे न तपासलेले बी.

हे काम करायला मोठे यंत्र लागत नाही, नेमाचे माणूस लागते. पैसा खर्च करायचाच असेल तर त्या माणसाच्या मानधनावर करा. त्या प्रतीत सभासदांचे आधार आणि बँकेचे आकडे असतील, तर तिला कुलूपही घाला.

मग जुना सर्व्हर कोणी घ्यावा?

आता कोणी असे समजू नका, की जुना सर्व्हर म्हणजे भंगारच. कोरडवाहूवाल्याला ही गोष्ट लवकर समजेल. तुमच्या शेततळ्यावर जुने डिझेल इंजिन आहे. ते तेल पिते, धूर ओकते. पण तुम्हाला हंगामात दोनच संरक्षित पाणी द्यायचे असते. एक पऱ्हाटीला बोंडे भरताना, एक रब्बी ज्वारी पोटरीत असताना. त्याला ते जुने इंजिन उत्तम. त्याच इंजिनावर कोणी बारमाही ऊस काढायला निघाला तर तेलातच बुडेल. कमी किमतीचे, जास्त खाणारे यंत्र थोड्या तासांच्या कामाला. जास्त किमतीचे, कमी खाणारे यंत्र रात्रंदिवसाच्या कामाला. एवढा एक नियम.

तुमचा मुलगा किंवा मुलगी संगणकाचे शिक्षण घेत असेल आणि हे यंत्र उघडून, जोडून, मोडून शिकणार असेल, तर दिवसाला दोन तास, वर्षाला ३०० दिवस चालवून ९० युनिटे होतात. ९०० रुपये. एवढ्यात असे शिक्षण कुठे मिळेल? अवश्य घ्या. मात्र काम संपले की भिंतीवरचे बटण बंद करा. सर्व्हर बंद दिसला तरी त्याचा देखरेखीचा भाग प्लगमधून काही वॅट पीत राहतो.

आणि ज्याला खरोखर शंभर जीबी मेमरी लागते, ड्रोनची शेकडो छायाचित्रे जोडून नकाशे काढायचे आहेत, त्याचा हिशेब वेगळा. तेवढ्या मेमरीचे नवे यंत्र फार महाग पडते. तिथे जुना सर्व्हर जिंकू शकतो. त्यानेही हिशेब मांडून मगच घ्यावा.

घेणाऱ्याने बैलासारखे दात बघावेत. प्रोसेसरवरून साल काढा. प्लगमध्ये वॅटमीटर लावून रिकामा किती खातो ते तुमच्या डोळ्यांनी बघा. न दाखवणाऱ्याकडून घेऊ नका. डिस्का किती तास चालल्या तो आकडा डिस्कमध्येच असतो, तो मागा. एक दिवस-रात्र चालवून मेमरी तपासा. डिस्का सांभाळणाऱ्या कार्डाची बॅटरी फुगलेली नाही ना बघा. आत विंडोज सर्व्हर २०१२ भरून देत असतील तर त्याच्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबल्या, हे लक्षात ठेवा. आणि पक्के बिल घ्या.

चिठ्ठीचे उत्तर

चिठ्ठी लिहिणाऱ्या भावांनो, आता उत्तर तुमचे तुम्हीच द्या. काम रात्रंदिवसाचे आहे की दोन तासांचे? पंगत केवढी? आणि तीन वर्षांचा कडबा किती? तुम्ही सांगितलेल्या कामाला माझ्या हिशेबात हा सर्व्हर बसत नाही. तुमच्या हिशेबात बसला तर तो कागद पुढच्या बैठकीत वाचून दाखवा, मी माझे म्हणणे मागे घेईन.

कंपनी कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली आणि आपल्याला स्वतःच्या कंपन्या काढता आल्या. त्यातले भाग भांडवल म्हणजे कोणाच्या वेचणीचे पैसे, कोणी शेळी विकून भरलेले हजार रुपये. ते दलालाच्या दोन दिवसांच्या घाईवर खर्च करायचे नसतात. "दोन दिवसच थांबतो" म्हणणारा बैलवाला आपण ओळखतो. तो पुढच्या बाजारालाही तोच बैल घेऊन उभा असतो.

यंत्र कुठलेही घ्या, काट्यावरची पावती बंद करू नका. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्या नोंदींची दुसरी प्रत कोणाच्या घरी आहे, हे लिहून आणावे. ज्यांना लिहिता येणार नाही त्यांनी आज रात्रीच जुडी बांधायला घ्यावी.